मंजुरी मिळाली, मग विमान कधी येणार?

हवाई दलासाठी ११४ बहुउद्देशीय लढाऊ विमाने घेण्याच्या प्रस्तावावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. सर्वाधिक पत्रे किंमत आणि दिरंगाई या दोन गोष्टींबद्दलची होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : "लढाऊ विमान खरेदीला हिरवा कंदील" हा मथळा मी २०१८ पासून कितीतरी वेळा वाचला. दर वेळी मंजुरी मिळते, मग विमाने का येत नाहीत? (एक निवृत्त सैनिक, सातारा)

मंजुरी हा एकच शब्द वर्तमानपत्रे चार-पाच निरनिराळ्या टप्प्यांना वापरतात, त्यामुळे हा घोळ होतो. पुढच्या वेळी बातमी वाचाल तेव्हा कागद कोणत्या टेबलावर आहे तेवढे पाहा.

पहिला कागद आरएफआय, म्हणजे निव्वळ माहितीची विचारणा. एप्रिल २०१८ मध्ये निघाला तो हाच. त्यात ११० विमानांचा उल्लेख होता. पुढे आकडा ११४ झाला. आरएफआयने कोणी कोणाला बांधले जात नाही. त्यानंतर हवाई दल आपल्या गरजांची यादी पक्की करते: पल्ला किती हवा, रडार कसले हवे, किती उंचीवरच्या धावपट्टीवरून किती वजन उचलायला हवे. मग संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद 'गरज मान्य' असा शेरा देते. मथळ्यातला हिरवा कंदील बहुतेक वेळा हाच असतो. या मान्यतेलाही मुदत असते. मुदतीत निविदा निघाली नाही, तर मान्यता गळून पडते.

निविदा, म्हणजे आरएफपी, निघाली की तांत्रिक आणि आर्थिक प्रस्ताव दोन वेगळ्या बंद लिफाफ्यांत येतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो, कागदावर छाननी होते आणि मग प्रत्यक्ष उड्डाण चाचण्या. त्यात जे उत्तीर्ण होतात त्यांचेच आर्थिक लिफाफे उघडतात. सर्वांत कमी खर्चाच्या विक्रेत्याशी वाटाघाटी समिती बसते आणि शेवटी फाइल पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीकडे जाते. ३,००० कोटींच्या वरच्या प्रत्येक खरेदीला तिची संमती लागते. ती मिळाली, सही झाली आणि आगाऊ रक्कम गेली, की कारखान्यात आपल्या विमानाचा पहिला धातू कापला जातो. त्याआधीच्या सगळ्या मंजुऱ्या कागदावरच्या.

दोन सरकारांमध्ये थेट करार झाला तर स्पर्धेचे टप्पे वगळले जातात. वाटाघाटी आणि मंत्रिमंडळ समिती मात्र त्यातही चुकत नाहीत.

गाडी अडते कुठे, ते आधीच्या १२६ विमानांच्या खरेदीत नीट दिसले. निविदा ऑगस्ट २००७ मध्ये निघाली. सहा विमाने स्पर्धेत होती: राफेल, युरोफायटर टायफून, ग्रिपेन, मिग-३५, एफ-१६ आणि एफ/ए-१८. एप्रिल २०११ मध्ये राफेल आणि टायफून उरली, जानेवारी २०१२ मध्ये राफेल सर्वांत कमी खर्चाचे ठरले. त्यानंतर तीन वर्षे वाटाघाटी चालल्या आणि २०१५ मध्ये निविदाच मागे घेतली गेली. १२६ पैकी १८ विमाने तयार यायची होती आणि १०८ सरकारी विमान कंपनी एचएएलने इथे बांधायची होती. इथे बांधायला फ्रान्सच्या २.७ पट मनुष्य-तास लागतील असा हिशोब पुढे आला. मग त्या वाढीव तासांचे पैसे कोणी द्यायचे, आणि इथे बांधलेल्या विमानाच्या दर्जाची व वेळेची जबाबदारी कोणाची, यावर एकमत झाले नाही. ही गाठ निविदा लिहितानाच सोडवायला हवी होती. आर्थिक लिफाफा उघडल्यावर ती सोडवू म्हटले, की हातात काही उरत नाही.

दुसरी अडचण गरजांच्या यादीची. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने २०१९ च्या अहवालात नोंदवले आहे की, यादी नीट आखली नसल्याने एकही विक्रेता ती पूर्णपणे पुरी करू शकला नाही. यादी फार ताणली की सूट द्यावी लागते आणि सूट दिली की हरलेला विक्रेता तक्रार करतो.

सही झाल्यावर किती काळ लागतो, याचा खरा हिशोब त्यानंतर फ्रान्सकडून थेट घेतलेल्या ३६ राफेलचा घ्या. करार २३ सप्टेंबर २०१६ चा. पहिले विमान ८ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रान्समध्ये हवाली झाले, पहिली पाच २९ जुलै २०२० रोजी अंबाल्यात उतरली आणि शेवटचे डिसेंबर २०२२ मध्ये आले. म्हणजे सहा वर्षे, आणि तीही चालू असलेल्या कारखान्यातून. इथे नवी जुळणी उभारायची तर साचे, जुळणीचे सांगाडे, कामगारांचे प्रशिक्षण आणि पुरवठादारांची मान्यता हे सगळे त्यात वाढते.

प्रश्न : सरकारने संसदेत एका राफेलची किंमत ६७० कोटी सांगितली. एकूण करार सुमारे ५९,००० कोटींचा, भागिले ३६ म्हणजे १,६०० कोटींहून जास्त. यातले खरे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या वस्तूंचे आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगितलेले ६७० कोटी हे उघड्या विमानाचे. त्यात शस्त्रे, भारतासाठी केलेले खास बदल, देखभाल आणि सेवा धरलेल्या नाहीत. ६७० गुणिले ३६ म्हणजे २४,१२० कोटी. उरलेले सुमारे ३५,००० कोटी शस्त्रे, खास बदल, सुटे भाग, तळांवरची उपकरणे, सिम्युलेटर, प्रशिक्षण आणि विमाने उडती ठेवण्याच्या हमीवर गेले. उघडे विमान लढू शकत नाही. त्यामुळे उरलेल्या ३५,००० कोटींना वरखर्च समजू नका.

भागाकार कसा फसवतो याचे आणखी एक उदाहरण नौदलाचे. २८ एप्रिल २०२५ च्या करारात २६ राफेल मरीनसाठी सुमारे ६३,००० कोटी आहेत. भागाकार केला की २,४०० कोटींच्या वर जातो. पण त्याच करारात हवाई दलाकडे आधीपासून असलेल्या ३६ राफेलसाठीचीही काही सामग्री आहे. तो खर्च २६ विमानांच्या माथी मारणे चूक.

दोन विमानांची तुलना करायची असेल तर चार गोष्टी समान हव्यात: किमतीचे वर्ष, चलनाचा दर, सोबतची शस्त्रे आणि देखभालीची वर्षे. इतर देशाने अमुक विमान निम्म्या किमतीत घेतले असे वाचाल, तेव्हा आधी हे पाहा की त्या देशाकडे तेच विमान आधीपासून होते का. असेल तर तळ, सिम्युलेटर आणि चाचणी-यंत्रे त्यांना पुन्हा घ्यावी लागत नाहीत.

खरा पैसा खरेदीनंतर लागतो. म्हणूनच २००७ च्या निविदेत नुसती खरेदीची किंमत न पाहता आयुष्यभराच्या खर्चावरून विजेता ठरवायचे होते. साधा हिशोब करू: ११४ विमाने, वर्षाला प्रत्येकी १५० तास, ४० वर्षे. एकूण ६ लाख ८४ हजार उड्डाण-तास. दोन विमानांच्या ताशी खर्चात फक्त एक लाख रुपयांचा फरक असेल, तरी आयुष्यभराचा फरक ६,८४० कोटी होतो. खरेदीच्या वेळी मिळालेली घसघशीत सवलत यात सहज विरघळते.

सवलतीवरून आठवले. जुलै २०१४ मध्ये टायफूनच्या बाजूने २० टक्के सवलतीचा प्रस्ताव आला होता. "तो का नाकारला?" असे तिघांनी विचारले आहे. लिफाफे उघडल्यावर हरलेल्या विक्रेत्याने न मागता दिलेली सवलत नियमात बसत नाही. ती एकदा स्वीकारली, तर पुढच्या निविदेत पहिल्याच वेळी खरी किंमत कोण भरेल?

प्रश्न : चाचण्या लेहलाच का घेतात? विमान उंचावर तर उडतेच की! (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

उंचावर उडणे सोपे, उंचावरून उडणे अवघड. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७२ टक्क्यांच्या आसपास असते. तेवढीच उचल मिळवायला प्रत्यक्ष वेग सुमारे १८ टक्के जास्त लागतो. समुद्रसपाटीवर ताशी २५० किलोमीटरला उचलणारे विमान लेहला २९५ च्या आसपास उचलते. वेग वाढला म्हणजे लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि पातळ हवेत इंजिनाचा जोर त्याच सुमारास पंचवीस ते तीस टक्क्यांनी घटलेला असतो. दोन्ही एकत्र धरले की धाव जवळजवळ दुप्पट होते. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून आणखी पातळ होते. मग वैमानिकापुढे दोनच पर्याय उरतात: इंधन कमी भरा किंवा शस्त्रे कमी लावा.

उतरतानाही तेच गणित उलटे लागू होते. जास्त वेगाने टेकायचे म्हणजे ब्रेकना सुमारे ३८ टक्के जास्त ऊर्जा गिळायची. ब्रेक लालभडक होतात. ते थंड होईपर्यंत लगेच दुसरे उड्डाण घेता येत नाही. टायरलाही कमाल वेगाची मर्यादा असते, आणि भोवतालच्या डोंगरांमुळे लेहला बहुधा एका बाजूने उतरून उलट दिशेला उडावे लागते.

आता पहाटेची वेळ घ्या. रात्रभर उणे वीस अंशांत उभे राहिलेले विमान. तेल घट्ट झालेले, बॅटरी मंद, सुरुवातीची फिरकी देणारे छोटे इंजिनही पातळ हवेमुळे अशक्त. मुख्य इंजिनाचे पाते हळूहळू वेग घेते, इंधन नीट फवारले जात नाही आणि उशिरा पेटते. पेटते तेव्हा आत साठलेले इंधन एकदम भडकते, पण थंड करायला पुरेशी हवा वाहत नसते. तापमान क्षणात मर्यादेबाहेर जाते आणि टर्बाइनची पाती खराब होतात. याला हॉट स्टार्ट म्हणतात. वैमानिकाची नजर त्या वेळी एकाच आकड्यावर असते, आणि काटा चढू लागला तर इंधन तोडायला त्याच्याकडे काही सेकंदच असतात. राफेलमध्ये भारतासाठी जे १३ खास बदल करून घेतले, त्यांत अशा उंच, थंड तळावरून इंजिन सुरू करण्याची क्षमता होती ती यासाठी. शिरस्त्राणावरचा डिस्प्ले आणि शत्रूचे रडार गोंधळवणारे कमी कंप्रतेचे जॅमर हेही त्या बदलांपैकीच.

जैसलमेरला प्रश्न उष्णतेचा. ४५ अंशांत उभ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये आणि रडारच्या खणात त्याहून कितीतरी जास्त तापते. आधुनिक रडार स्वतःच भरपूर उष्णता सोडते. जमिनीवर थांबले असताना थंडावा पुरतो की नाही, हे तिथेच कळते. बेंगळुरूला दमट हवेची परीक्षा होते. या चाचण्या विक्रेता स्वतःच्या खर्चाने देतो. खरेदीचे कोणतेही वचन त्यातून लागू होत नाही.

प्रश्न : विमान आपण विकत घेतले, तर त्यावर आपले क्षेपणास्त्र लावायला परदेशी कंपनीची परवानगी कशाला? सोर्स कोड मागून घ्यावा. (एक वाचक, नागपूर)

क्षेपणास्त्र टांगणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग. तरी तिथूनच सुरू करू. नाटो पद्धतीच्या बॉम्बला दोन कड्या असतात, त्यांतले अंतर १४ इंच किंवा जड बॉम्बसाठी ३० इंच. रशियन पद्धतीत २५० मिलिमीटर. म्हणजे एका पद्धतीच्या पायलॉनवर (शस्त्र टांगायच्या पंखाखालच्या आधारावर) दुसऱ्या पद्धतीचा बॉम्ब मुळात अडकतच नाही. ते जुळवले की वीजजोडणी आणि डेटा-बस, म्हणजे विमान आणि शस्त्र यांच्यात माहिती नेणारी जोडणी. त्यानंतर पंखाखाली ते वजन लटकताना पंख कुठल्या वेगाला थरथरतो हे तपासायचे. मग सोडण्याच्या चाचण्या. सुटलेला बॉम्ब खालीच जाईल असे धरून चालता येत नाही. विमानाखालच्या प्रवाहात तो नाक वर करून उसळतो आणि शेपटीला धडकू शकतो. क्षेपणास्त्राचा धूर इंजिनात शिरला तर इंजिन गचके खाते. म्हणून आधी वाऱ्याच्या बोगद्यात, मग नुसते टांगून उड्डाण, मग इंजिनाशिवाय सोडून, आणि शेवटी लक्ष्यावर मारा, असा क्रम असतो.

अस्त्रसारख्या दूर पल्ल्याच्या हवेतून हवेत मारणाऱ्या क्षेपणास्त्राला आणखी एक गोष्ट लागते. ते सुटल्यावर विमानाचे रडार त्याला वाटेत लक्ष्याची ताजी जागा कळवत राहते. हा संवाद रडार, मोहीम-संगणक आणि क्षेपणास्त्र या तिघांचा आहे. त्यातील दोन घटक विक्रेत्याच्या कुलपात असतात.

सगळा सोर्स कोड मागणे कानाला चांगले वाटते, पण तो कोणी देत नाही. दिला तरी लाखो ओळींचा कोड तपासून त्यात बदल करायचा आणि तो पुन्हा उड्डाणयोग्य ठरवायचा, हे मोठे काम आहे. मागायला हवी ती वस्तू वेगळी: मोहीम-संगणक आणि शस्त्र यांच्यातील जोडणीचे संपूर्ण दस्तऐवज, संगणकातला आपण स्वतः लिहू शकू असा कप्पा, आणि तो चाचणी करून विमानात भरण्याचा लेखी हक्क. शिवाय कोणती भारतीय शस्त्रे, किती महिन्यांत, कोणाच्या खर्चाने जोडायची, ती नावानिशी निविदेत हवीत. ११४ विमानांच्या व्यवहारात आमच्या मते हाच मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. स्पर्धा चालू असताना विक्रेता हे देतो. सही झाल्यावर मागितले, तर प्रत्येक शस्त्राचे वेगळे बिल येते.

हक्क हातात असला की काय होते ते सुखोई-३० मध्ये दिसले. अडीच टनी ब्राह्मोस पोटाखाली घेण्यासाठी नाशिकला एचएएलने विमानाचा सांगाडा मजबूत केला. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी पहिला मारा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावरला त्या क्षमतेची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली.

प्रश्न : "७५ टक्के उपलब्धतेची हमी" म्हणजे नेमके काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

स्क्वाड्रनमध्ये १८ विमाने असतील, तर कोणत्याही दिवशी साधारण १३-१४ मोहिमेला तयार हवीत. राफेलच्या करारात पाच वर्षांसाठी ही हमी विक्रेत्यावर होती. ती का लागली याचे उत्तर सुखोईच्या अनुभवात आहे. कॅगच्या २०१५ च्या अहवालानुसार सुखोई-३० ची उपलब्धता ७५ टक्के अपेक्षित असताना ५५ ते ६० च्या दरम्यान रेंगाळली होती. सहा स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे १०८ विमानांत, ७५ आणि ५५ यांतला फरक सुमारे २२ विमानांचा. विकत घेतलेली, पैसे मोजलेली एक सबंध स्क्वाड्रन हँगरमध्ये उभी.

विमान उभे राहते ते क्वचितच मोठ्या बिघाडाने. एखादा पंप, एखादी वीज-पेटी, एखादा डिस्प्ले. अशी पेटी स्क्वाड्रनमध्ये तासाभरात बदलता येते, पण बदलायला दुसरी पेटी हवी. काढलेली पेटी दुरुस्तीला परदेशी गेली आणि आठ महिन्यांनी परत आली, तर तोवर काय? मग उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानातून काढून लावतात. याने आजचे उड्डाण होते, पण आता दोन विमानांवर काम पडले, आणि काढ-घाल करताना जोडण्या सैल होतात ते वेगळेच. म्हणून करारात दुरुस्तीच्या फेरीचे दिवस मोजून लिहिलेले असावेत आणि फिरत्या सुट्या भागांचा साठा त्या दिवसांवरून ठरावा.

हमी वाचताना तीन गोष्टी बघाव्यात. मोठ्या दुरुस्तीला गेलेली विमाने भागाकारात धरली आहेत की वगळली आहेत? मोजणी रोज सकाळची की तिमाहीची सरासरी? आणि पक्षी धडकला किंवा धावपट्टीवरचा खडा इंजिनात गेला, तर ते दिवस कोणाच्या खात्यात? या तीन ओळी विक्रेत्याच्या मनासारख्या लिहिल्या, तर ७५ टक्के कागदावर नेहमीच भरतात.

प्रश्न : ११४ विमाने आली की कमतरता संपेल ना? (एक वाचक, अकोला)

नाही. मान्य संख्या ४२ स्क्वाड्रनची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले आणि संख्या २९ वर आली. तूट १३ ची, आणि ११४ विमानांत सहा स्क्वाड्रन होतात. स्वदेशी तेजस मार्क-१ए ची ८३ आणि ९७ अशी १८० विमाने नोंदवलेली आहेत, त्यांतून दहा होतील. बेरीज सोळा दिसते, पण तोवर जॅग्वार, मिग-२९ आणि मिराज वयाने बाहेर पडू लागतील. तेजसला उशीर होण्यामागे एक मोठे कारण इंजिनांचे. २०२१ मध्ये नोंदवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले. विमानाचा सांगाडा वेळेत बांधून उपयोग नाही, इंजिन वेळेत यायला हवे.

प्रश्न : चौथ्या पिढीवर एवढा पैसा का? सरळ एफ-३५ घ्यावे. (अनेक पत्रे)

एफ-३५ हे अमेरिकेचे पाचव्या पिढीचे, रडारला सहज न दिसणारे विमान. त्याच्या मोहिमेची माहिती, देखभाल आणि सॉफ्टवेअर सगळे अमेरिकी व्यवस्थेला बांधलेले आहे. वर ज्या जोडणीच्या हक्काबद्दल लिहिले, तो इथे मिळण्याची आशा सर्वांत कमी. शिवाय तुर्कस्तानने रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण प्रणाली घेतली म्हणून २०१९ मध्ये त्याला एफ-३५ कार्यक्रमातून बाहेर काढले गेले. भारताने तीच प्रणाली २०१८ च्या करारातून घेतली आहे. पाचव्या पिढीसाठी आपला स्वतःचा एएमसीए प्रकल्प आहे. मार्च २०२४ मध्ये त्याच्या आराखड्याला आणि नमुना-विमानांना १५,००० कोटी मंजूर झाले. तो हाती येईपर्यंतची वर्षे भरून काढणे, एवढेच ११४ विमानांचे काम आहे. ते त्याच मापाने जोखावे.

प्रश्न : नौदलाचे राफेल हवाई दल वापरू शकेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

जमिनीवरून, हो. राफेल मरीनमध्ये भक्कम पुढचे चाक, आघात झेलणारे पाय आणि विमानवाहू नौकेवर थांबवणारा हूक असतो. त्यामुळे ते थोडे जड असते. उलटे मात्र शक्य नाही. २६ पैकी २२ एका आसनाची आहेत. दोन आसनांची चार विमाने नौकेवर उतरत नाहीत, ती प्रशिक्षणासाठी किनाऱ्यावरूनच उडतील. इंजिन, रडार आणि बहुतेक सुटे भाग समान असल्याने साठा आणि सिम्युलेटर यांत दोन्ही दलांची बचत होऊ शकते, पण त्यासाठी दोघांनी एकच भाग-क्रमांक पद्धत वापरायला हवी.

प्रश्न : राफेलच्या शेपटीवर आरबी आणि बीएस ही अक्षरे कसली? (इयत्ता नववी, सांगली)

आरबी म्हणजे आरकेएस भदौरिया. खरेदीच्या वाटाघाटींचे नेतृत्व त्यांनी केले आणि पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. बीएस म्हणजे बिरेंदर सिंग धनोआ, त्यांच्या आधीचे प्रमुख. दोन आसनांच्या आठ विमानांवर आरबी आहे, एका आसनाच्या २८ विमानांवर बीएस.

प्रश्न : नाशिकला आमचा सीएनसी मशिनिंगचा कारखाना आहे, वाहनांचे भाग करतो. लढाऊ विमानांचे काम मिळेल का? नेमके काय करावे? (एक लघुउद्योजक, अंबड)

मिळू शकते, आणि तुमची जागा चांगली आहे. ओझरला एचएएलचा कारखाना आहे, तिथे सुखोई बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्याच जुळणीतून पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. हैदराबादला राफेलचे धड बनवण्याचा करार राफेल बनवणारी दासो आणि टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्यात जून २०२५ मध्ये झाला आहे. पण थेट विमान कंपनीकडे जाऊ नका. तुमचे गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला पुरवठादार असेल.

पहिली पायरी एएस ९१००, म्हणजे विमान उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र. आयएसओ ९००१ असेल तर पाया तयार आहे, वाहन उद्योगाचे प्रमाणपत्र असेल तर आणखी बरे. तरी वर्षभर धरा. दुसरी पायरी: उष्णता-प्रक्रिया, ॲनोडायझिंग, भेगा तपासणे ही कामे तुम्ही स्वतः करत नसाल, तर ती नॅडकॅप (विमान उद्योगातील विशेष प्रक्रियांची) मान्यता असलेल्या आणि गिऱ्हाइकाने मान्य केलेल्या ठिकाणीच करून घ्या. बरेच जण इथेच आपटतात. भाग अचूक कापला, पण मुलामा शेजारच्या ओळखीच्या दुकानात चढवला, की अख्खी खेप बाद.

तिसरी गोष्ट कच्च्या मालाची. प्रत्येक तुकड्याचा धागा गिरणीच्या दाखल्यापर्यंत मागे जायला हवा. पट्टी कापताना वितळ-क्रमांक (धातू कोणत्या ओतणीतला ते सांगणारा) असलेला कोपरा भंगारात गेला, तर उरलेली पट्टी कितीही चांगली असली तरी विमानासाठी ती निरुपयोगी. क्रमांक आधी दोन्ही तुकड्यांवर उतरवा, मग कापा.

कामाबद्दल. विमानाची बरगडी ७०५० या ॲल्युमिनियमच्या जाड पाटातून कोरतात. अशा भागात दहातले नऊ हिस्से धातू चिप होऊन जातो आणि उरतात दीड-दोन मिलिमीटरच्या भिंती. वाहनांच्या सवयीने एका बाजूने पूर्ण कोरून मग उलटवलात, तर शिकंजा सोडताच भाग केळ्यासारखा वाकेल. आधी दोन्ही बाजूंनी काही मिलिमीटर राखून कोरा, शिकंजा पूर्ण सोडा, भाग मोकळा पडू द्या, बैठक पुन्हा सपाट करा आणि मगच शेवटचा हात फिरवा. पाट घेताना ताणून आतला ताण काढलेला, म्हणजे टी७४५१ स्थितीचाच घ्या. टायटॅनियमचे वेगळे. उष्णता चिपबरोबर निघून न जाता हत्याराच्या धारेत साठते. कार्बाइडच्या हत्याराने कापण्याचा वेग मिनिटाला ५०-६० मीटरच्या आसपास ठेवा, शीतक भरपूर जोराने मारा आणि हत्यार एका जागी घासत ठेवू नका.

शेवटी पहिल्या भागाची तपासणी, एएस ९१०२. तीन तक्ते असतात: भाग-क्रमांकांचा, माल व प्रक्रियांचा, आणि आराखड्यावरील प्रत्येक मापाचा. आराखड्यावर २१४ मापे असतील तर २१४ ओळी, टिपेतल्या सूचनाही मापच समजायच्या. "मशिन तेच आहे, माप येणारच" म्हणून ओळ रिकामी सोडली की फाइल परत येते. ही तपासणी एकदा करून भागत नाही. आराखडा, प्रक्रिया, मशिन किंवा जागा बदलली तर ती पुन्हा करावी लागते, आणि दोन वर्षे तो भाग बनवला नसेल तरीही. लहान कारखान्यांना हे उशिरा कळते. ऑर्डर दोन वर्षांनी परत येते, जुना प्रोग्राम लावून भाग पाठवले जातात आणि सगळे परत येतात. म्हणून प्रत्येक भाग-क्रमांकासमोर शेवटच्या उत्पादनाची तारीख लिहिलेला तक्ता मशिनजवळच टांगून ठेवा.